फुकटवाले, विकतवाले आणि ओटाकारचं गाणं

१. कोण गेलं?

शनिवारी सकाळी ओटाकार व्हर्बा रेगीना पोलाशकोवाच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. गळ्याला लोकरी मफलर, हातात शाळकरी वही आणि चेहरा असा पडलेला की रेगीनाला वाटलं, नक्कीच कुणीतरी गेलं.

"कोण गेलं?" तिने हातातली झारी खाली ठेवत विचारलं.

ओटाकारने मान हलवली, वहीत काहीतरी खरडलं आणि वही तिच्यापुढे धरली. 'फाइल गेली.'

गुरुवारी द्राक्षमहोत्सवाच्या तालमीत ढोलवाल्यावर ओरडून ओरडून ओटाकारचा घसा बसला होता, आणि डॉक्टरने आठवडाभर तोंड उघडायला बंदी केली होती. पोदविनी गावच्या बँडचा हा म्होरक्या एरवी ट्रम्पेटपेक्षा मोठ्याने बोलायचा. त्यामुळे गावाला ही शांतता तशी मानवली होती.

रेगीना त्याला आत घेऊन गेली आणि कॉफी केली. चाळीस वर्षं तिने गावचं पोस्ट सांभाळलं होतं. हरवलेली पाकिटं, चुकलेले पत्ते, भलत्याच घरी गेलेली प्रेमपत्रं तिने इतकी शोधून दिली होती की निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गावात काहीही हरवलं की लोक तिच्याच दारी येत. त्यात आता दर मंगळवारी ती वाचनालयात म्हाताऱ्याकोताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायची.

"कसली फाइल?"

'विनंतीगीत. सोमवारी दुपारी बाराला कर्ण्यावर लागायचंय.'

पोदविनीत खांबाखांबावर पंचायतीचे कर्णे आहेत. पाणी कधी जाणार, कोंबड्यांची गाडी कधी येणार, सगळं त्यावरून कळतं. कुणाचा वाढदिवस असला, किंवा पंचांगात ज्या तारखेला आपलं नाव छापलेलं असतं तो नावदिवस असला, की घरचे लोक गाणं लावायला सांगतात आणि पुढे दोन शब्द बोलतात.

"पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही?"

ओटाकारने गळ्याकडे बोट दाखवलं. मग लिहिलं, 'क्लॅरिनेटवाला मेटोदेय महिनाभर मुलीकडे. तो नसेल तर ते गाणं ते गाणं राहत नाही.'

"आणि कुणासाठी होतं हे?"

पासष्टी ओलांडलेला तो दांडगा गडी मफलरच्या वर कानापर्यंत लाल झाला. त्याने पेन्सिल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि लिहिलं, 'सांगता येत नाही. पण ते सोमवारी लागलं नाही, तर मला पुन्हा धीर होणार नाही.'

रेगीनाच्या काळजात काहीतरी टोचलं. सोमवारी बेकरीवाल्या क्वेताची साठी होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. क्वेता विधवा, ओटाकार विधुर. क्वेताचे कोलाचे, ते फळं भरलेले गोड पाव, तर लोण्यासारखे. रेगीनाने स्वतःलाच दटावलं की बाई, तूही विधवा आहेस म्हणून काही तुझा हक्क पोचत नाही. चाळीस वर्षं या माणसाला 'अहो ओटाकार' म्हणत आलीस आणि तो तुला 'अहो रेगीनाबाई'. दुसरीसाठी लिहिलेलं पत्रसुद्धा पोचवायचंच असतं.

"चला," ती म्हणाली. "बघू या तुमचा कॉम्प्युटर."

२. तिजोरी

व्हर्बांच्या घरात चपला काढून पाहुण्यांच्या सपाता घालेपर्यंतच आतलं भांडण ऐकू येऊ लागलं.

"तुझ्या त्या विकतच्याने गिळली फाइल!" हा आवाज आलोईसचा. आलोईस म्हणजे शेजारचा द्राक्षवाला, रेगीनाच्याच वर्गातला आणि गावातल्या फुकटवाल्यांचा पुढारी.

"तुमच्या फुकटच्याने महिनाभर घाण आत सोडली, तिने गिळली!" हा रादिम. हा तरुण शहरातल्या अँटिव्हायरस विकणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी गावातूनच फोनवर काम करायचा आणि साहजिकच विकतवाल्यांचा पुढारी होता.

गेला महिनाभर पोदविनीतल्या तळघरांमधून नवी वाईन आंबत होती आणि हा वादही. घरच्या कॉम्प्युटरला फुकटचा अँटिव्हायरस पुरतो की पैसे मोजून घ्यायचा? याची सुरुवात ओटाकारच्या बहिणीने, बोझेनाने केली होती. दादल्यामागे ती भावाचं घर सांभाळायला आली होती. ऑगस्टमध्ये एकदा पडद्यावर पाटी झळकली, 'अभिनंदन, तुम्ही प्रेशर कुकर जिंकलात!' आणि तिने भक्तिभावाने ती दाबली. पुढचे चार दिवस कॉम्प्युटर परक्या भाषेत जाहिराती दाखवत राहिला. ओटाकारने तिला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी केली. तिने आईच्या थडग्यावर हात ठेवून शपथ घेतली की नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला बदक ताटात पडेपर्यंत आपण त्या यंत्राकडे ढुंकून बघणार नाही.

"रेगीना, तूच न्याय कर," आलोईस म्हणाला. "व्हायरस ओळखण्याचं काम दोन्ही सारखंच करतात, हे हाच कबूल करतो. मग पैसे कशाचे?"

"पैसे खोटी पानं उघडायच्या आधीच अडवण्याचे," रादिम म्हणाला. "बँकेचं काम करायला वेगळी बंद खिडकी मिळते, त्याचे. खाजगी फायलींना तिजोरी मिळते, त्याचे. तुमच्या फुकटच्यात दर दहा मिनिटांनी 'विकतचा घ्या' म्हणून पाटी नाचते, ती बंद होण्याचे. आणि अडलं तर फोनवर जिवंत माणूस मिळतो!"

"जिवंत माणूस आम्हाला गावातच फुकट मिळतो," आलोईसने रेगीनाकडे बोट केलं.

पैज लागली होती. रेगीना जो निकाल देईल तो ओटाकारच्या घरात लागू, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची सगळी पिंपं आतून घासायची. म्हणून बुधवारी सकाळी रादिमने फुकटचा काढून टाकला होता आणि विकतचा तीस दिवसांच्या बोलीवर बसवला होता. एका वेळी दोन ठेवले की ते एकमेकांनाच चोर समजतात, हे दोघांनाही मान्य होतं. तेवढं एकच मान्य होतं.

"बुधवारी सकाळी इथे कोण कोण होतं?" रेगीनाने विचारलं.

"मी, हे आलोईसकाका आणि ओटाकारकाका. एकेक सोय दाखवली मी त्यांना. बोझेनामावशी कॉफी देत होत्या."

"मी फक्त कॉफी दिली हं," दारातून बोझेना म्हणाली. ती गुटगुटीत, गोरीगोमटी बाई बशीभर कोलाचे घेऊन आली होती. "यंत्राकडे पाठ करून दिली. शपथ आहे माझी."

ओटाकारने वहीत लिहून दिलं की बुधवारी साडेअकराला त्याने हेडफोन लावून गाणं शेवटचं ऐकलं. तेवढ्यात बस आली म्हणून यंत्र तसंच चालू टाकून तो ट्रम्पेट दुरुस्त करून आणायला शहरात गेला. परत येईपर्यंत पडदा काळा झाला होता. मग गुरुवार तालमीत गेला, शुक्रवार घशात गेला. आज सकाळी गाणं पेनड्राइव्हवर घ्यायला बसला, तर फाइल नाही.

रेगीना चष्मा सारखा करून पडद्यापुढे बसली. कचरापेटी बघितली, रिकामी. संशयित फायलींची कोठडी बघितली, तीही रिकामी.

"बघा, माझा निर्दोष सुटला," रादिम म्हणाला.

"थांब रे." तिने पुढचं चित्र दाबलं. "ही तिजोरी काय म्हणतेय? आत एक वस्तू आहे. ठेवल्याची वेळ बुधवार, दुपारी बारा वाजून पाच मिनिटं. पासवर्ड मागतेय."

"ते काकांचं खाजगी असेल. मी मुद्दाम विचारलं नाही," रादिम म्हणाला. "पहिल्यांदा जो उघडतो, तोच पासवर्ड ठरवतो."

रेगीना ओटाकारकडे वळली. "काय ठेवलंय तुम्ही तिजोरीत?"

ओटाकारने लिहिलं, 'काहीच नाही. बारा वाजता मी बसमध्ये होतो.'

म्हणजे ना व्हायरस, ना अँटिव्हायरस. या घरात येणाऱ्या कुणीतरी हाताने गाणं उचलून कुलूपबंद केलं होतं.

३. बुधवार, दुपारी बारा

रेगीनाने चौकशी आपल्या पद्धतीने केली, म्हणजे पोस्टात करायची तशी. एकेकाला बाजूला घ्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि माणसाला आपणहून बोलू द्यायचं.

आलोईसला तिने त्याच्याच तळघराच्या दारात गाठलं. त्याने तिला अर्धवट आंबलेल्या नव्या वाईनचा पेला दिला.

"बुधवारी बारा वाजता कुठे होतास?"

"इथेच. आणि देवाशप्पथ सांगतो, कुत्र्याने जीव नकोसा केला. तो पंचायतीच्या छतावरचा भोंगा सुरू झाला ना, की हा त्याच्याबरोबर सूर लावून रडतो. दोन अडीच मिनिटं नुसता आकांत. त्या नादात माझ्या हातून नळी सुटली आणि अर्धी बादली वाईन जमिनीने प्यायली."

"ओटाकारचं गाणं गेल्याने तुझा काय फायदा?"

"फायदा?" आलोईस हसला. "विकतचा आला आणि फाइल गेली, असं झालं तर पैज माझी. पण रेगीना, मला तिजोरी उघडता आली असती, तर मी आधी त्या रादिमलाच आत कोंडलं असतं."

रादिम चौकात सायकलची साखळी बसवत होता.

"बारा वाजता? फोनवर होतो मावशी. एका आजोबांना एक तास समजावत होतो की फुकटचा आणि विकतचा यात फरक काय. ते 'हो' म्हणणार इतक्यात भोंगा बोंबलायला लागला. आजोबांना वाटलं लढाई सुरू झाली. त्यांनी फोन ठेवला तो ठेवलाच."

"तुला तर तिजोरी चांगली माहीत."

"माहीत आहे म्हणून तर मी ती वापरणार नाही. चोरी माझ्याच कपाटात ठेवू? आणि मला त्या गाण्याचं काय? काका सांगतही नाहीत कुणासाठी आहे ते." तो डोळे मिचकावून हसला. "क्वेताबाईंसाठी असेल ना? सोमवारी साठी आहे त्यांची."

"असेल," रेगीना म्हणाली आणि उगाचच त्याच्या सायकलची घंटी वाजवून पुढे निघाली.

बोझेना घरामागच्या बागेत आलुबुखार वेचत होती. टोपली निम्मी भरली होती.

"सोमवारी तुझ्याकडे आणायच्या कोलाच्यांसाठी आहेत," ती म्हणाली. "दरवर्षीप्रमाणे."

"बुधवारीही वेचत होतीस का?"

"बुधवारी? हो, हो. ओटाकार बसने गेला आणि मी टोपली घेऊन इकडे आले. एकपर्यंत इथेच होते."

"घरात कुणी शिरलेलं ऐकलंस?"

"कुण्णी नाही. अगं, इतकी शांतता होती त्या दुपारी! पान हलत नव्हतं. फळ गवतात पडलं तरी ऐकू येत होतं. मी मनाशी म्हटलं, बोझेना, स्वर्ग म्हणतात तो हाच असेल."

तिने एक पिकलेलं फळ रेगीनाच्या हातात ठेवलं. रेगीना ते खात खात रस्त्याला लागली. पंचायत कचेरीपाशी आली, छतावरच्या भोंग्याकडे तिची सहज नजर गेली आणि ती जागच्या जागी थबकली. आलुबुखाराची बी तिच्या तोंडातच राहिली.

महिन्याचा पहिला बुधवार. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, ठीक बाराला, भोंग्याची चाचणी होते. तिच्या लहानपणापासून होते. त्या आवाजाने थडग्यातली माणसं कूस बदलतील. आणि ज्या छतावर तो भोंगा बसवला आहे, त्याला लागूनच व्हर्बांची बाग आहे.

रेगीना गर्रकन मागे वळली.

४. न ऐकलेला भोंगा

बोझेना आता स्वयंपाकघरात होती आणि फळांतल्या बिया काढत होती. रेगीना तिच्यासमोर बसली, दुसरी सुरी घेतली आणि तीही बिया काढू लागली.

"बोझेना, आपली ओळख किती वर्षांची गं?"

"शाळेपासूनची. का?"

"मग मला सांग, बुधवारी बाराला अख्ख्या गावाने भोंगा ऐकला. आलोईसच्या हातून नळी सुटली, रादिमचं गिऱ्हाईक पळालं. भोंग्याच्या अगदी खाली राहणाऱ्या तुलाच तेवढी फळं पडल्याचा आवाज आला. असं कसं?"

बोझेनाची सुरी थांबली.

"बागेत उभ्या माणसाला तो ऐकू न येणं शक्य नाही," रेगीना शांतपणे म्हणाली. "घरातही नाही. तो ऐकू न येण्याची एकच रीत आहे. कानावर ओटाकारचे ते मोठे हेडफोन आणि त्यात पूर्ण आवाजात बँड. तुझा भाऊ कानाने जरा अधू, त्याचा आवाज कायम शेवटच्या रेघेपर्यंत. आणि तिजोरी कशी उघडायची, हे बुधवारी सकाळी रादिमने सगळ्यांना दाखवलं, तेव्हा तू कॉफी देत होतीस. पाठ करून दिलीस म्हणतेस, पण पाठ फिरवली म्हणून कान काही बंद होत नाहीत."

बोझेनाने आधी पदर शोधल्यासारखं ऍप्रनचं टोक शोधलं आणि त्यात तोंड लपवलं. "आईच्या थडग्याची शपथ मोडली गं मी!"

"ते आई बघून घेईल. का घेतलंस गाणं? तो लग्न करेल आणि तुला घर सोडावं लागेल, म्हणून?"

"छे!" बोझेना एकदम ताठ झाली. "झाडाखालची फळं उचलायला आणखी दोन हात येणार असतील तर मला हवेच आहेत. अगं, मी त्याला वाचवलं! त्याला आणि अख्ख्या गावाला. मी धूळ पुसायला गेले. हेडफोनमधून बारीक सूर येत होते, गाणं संपलं की पुन्हा लागत होतं. म्हटलं जरा ऐकावं. आणि ऐकते तर काय! रेगीना, त्याने 'संध्याकाळची वेल' घेतलंय!"

रेगीनाचा विश्वास बसेना. "ते... ते?"

"तेच!"

पोदविनीत कुणी वारलं की पंचायतीतली मिलुशे कर्ण्यावर आधी 'संध्याकाळची वेल' लावते आणि मग नाव सांगते. वीस वर्षं हा नेम आहे. त्या गाण्याचे पहिले दोन सूर ऐकले की बायका हातातलं काम टाकतात, पुरुष टोप्या काढतात आणि सगळं गाव कान देऊन थांबतं की आता नाव कुणाचं येतंय.

"आणि ऐक," बोझेना म्हणाली. "गाणं संपतं आणि त्याच्या त्या घोगऱ्या, गंभीर आवाजात पहिले शब्द काय? आधी नाव, मग जन्म कुठला, मग आयुष्यभर काय काम केलं. हुबेहूब मयताची बातमी! खरी गोष्ट शेवटी येते. तोवर निम्मं गाव पुष्पचक्र घेऊन तिच्या दारात पोचलं असतं. वरच्या आळीतल्या तिच्या थोरल्या बहिणीचं तर हृदय जागच्या जागी थांबलं असतं. पुसून टाकायचं पाप मला करवेना. त्याला सांगावं, तर शपथ मोडल्याचं कळणार. म्हणून कुलपात ठेवलं. म्हटलं, सोमवारपर्यंत काहीतरी सुचेल."

"पण इतकी गाणी असताना हेच का घेतलं त्याने?"

बोझेनाने तिच्याकडे असं बघितलं, जसं शिक्षिका मठ्ठ मुलीकडे बघते.

"दोन वर्षांपूर्वी द्राक्षतोडणीच्या जेवणात तू काय म्हणाली होतीस? 'किती गोड गाणं आहे हे, पण ते ऐकायला मिळावं म्हणून माणसाने मरावं लागतं.' म्हणालीस ना? तो समोरच बसला होता."

रेगीनाच्या हातातली सुरी टेबलावर पडली. वरच्या आळीतली थोरली बहीण तर तिचीच. सोमवार, सात सप्टेंबर. पंचांगात त्या दिवशी छापलेलं नाव, रेगीना. दरवर्षी नावदिवसाला येणारे कोलाचे. एवढ्या सगळ्या खुणा डोळ्यांपुढे मांडलेल्या आणि गावातल्या सगळ्यात हुशार बाईने पत्ताच वाचला नव्हता.

"क्वेतासाठी नाही?" तिने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"क्वेता गेली उडत," बोझेना म्हणाली. "चल, तिजोरी उघडते. पासवर्ड आईचं माहेरचं नाव आहे. ऐकतेस?"

रेगीना उठली होती, पण दारातच थांबली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करायची तिची बऱ्याच वर्षांत सवय मोडली होती.

"नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत मी पोचायच्या आधी कुणाचं पत्र उघडलं नाही. आता स्वतःचंही उघडणार नाही. पेनड्राइव्हवर घे, ओटाकारच्या हातात दे आणि शपथेचं त्याला खरं खरं सांग. तो ओरडणार नाही."

"कशावरून?"

"घसा बसलाय त्याचा."

५. निकाल

सोमवारी बाराला पाच मिनिटं असताना रेगीना पंचायत कचेरीत शिरली. निळा ठेवणीतला झगा, केस बांधलेले, गालांवर रंग आपोआप चढलेला. मिलुशे ओटाकारचा पेनड्राइव्ह लावून घामाघूम बसली होती.

"बाई, मी सुरुवात ऐकली. हे मी कसं लावू? लोक मला दगड मारतील!"

"सरक जरा," रेगीना म्हणाली आणि तिने माइक ओढून घेतला.

बाराच्या ठोक्याला खांबाखांबावरचे कर्णे खरखरले.

"पोदविनीकरांनो, लक्ष द्या. मी रेगीना पोलाशकोवा बोलतेय. आता एक गाणं लागणार आहे. कुणीही टोप्या काढू नका, कुणीही मेणबत्त्या लावू नका. कुणी मेलेलं नाही. विशेषतः मी मेलेले नाही. ताई, हे तुझ्यासाठी. खुर्चीत बस आणि पाणी पी."

मग तिने मिलुशेला खूण केली.

'संध्याकाळची वेल' गावावरून वाहू लागली. मेटोदेयचं क्लॅरिनेट खालून हळूच वर चढत होतं आणि ओटाकारचं ट्रम्पेट त्याला सावरून घेत होतं. क्वेता बेकरीच्या पायरीवर आली. आलोईस पिंपामागून बाहेर आला आणि सवयीने टोपी काढून पुन्हा घातली. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते गाणं लोकांनी न घाबरता ऐकलं, आणि खरंच किती गोड आहे ते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

गाणं संपलं. ओटाकारचा घसा बसण्याआधीचा भरदार आवाज आला.

"रेगीना पोलाशकोवा. जन्म पोदविनीतला. चाळीस वर्षं या गावाची पत्रं पोचवली, एकही हरवलं नाही. तुम्ही म्हणाला होतात की हे गाणं ऐकायला मरावं लागतं. मला ते पटलं नाही. तुम्ही जिवंतपणी ऐकावं म्हणून हे आज वाजवलं. नावदिवसाच्या शुभेच्छा. आणि एक विचारायचं आहे. इथून पुढची पत्रं आपण दोघांनी एकाच पत्त्यावर घेतली तर चालेल का?"

कर्णे गप्प झाले. मिलुशे रुमालात नाक शिंकरत होती. रेगीनाने माइक दोन्ही हातांनी धरला. आपण इतक्या आनंदात शेवटचं कधी होतो हे तिला आठवेना, आणि आठवायची गरजही वाटली नाही.

"आता अँटिव्हायरसचा निकाल," ती म्हणाली.

गावभर लोकांनी एकमेकांकडे बघितलं. व्हर्बांच्या अंगणात ओटाकार मफलर गुंडाळून उभा होता. तो मटकन बाकावर बसला.

"आधी चोरीचं. फाइल व्हायरसने खाल्ली नव्हती, फुकटच्याने हरवली नव्हती आणि विकतच्यानेही गिळली नव्हती. ओटाकारचं भलं चिंतणाऱ्या माणसाने ती जपून ठेवली होती, आणि पुढचं त्या माणसाला विचारायचं नाही. आता ओटाकारच्या घरात कुठला घ्यायचा? माझं मत असं की घरात सगळ्यात जास्त जो बटणं दाबतो, त्याच्या मापाने घ्यावा. जो जपून वागतो, बँकेचं काम बँकेत जाऊन करतो, त्याला फुकटचा भरपूर झाला. पण त्या घरात प्रेशर कुकर जिंकणारी माणसंही राहतात. म्हणून शनिवारी मी ठरवलं होतं, विकतचा. खोटं पान उघडायच्या आधीच अडवणारा आणि अडलं तर जिवंत माणूस देणारा."

चौकात रादिमने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. आलोईसने पिंपावर डोकं टेकलं.

"पण," रेगीना म्हणाली, "जिवंत माणूस जर त्याच घरात राहायला येणार असेल, उठल्याबसल्या पडद्याकडे लक्ष ठेवणार असेल, तर पैसे कशाला घालवायचे? ओटाकार, तू फुकटचाच ठेव."

क्षणभर गावाला उलगडा झाला नाही. चाळीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. आधी कळलं ते बोझेनाला. तिची किंकाळी माइकशिवाय पंचायतीपर्यंत पोचली. मग आलोईसने टोपी हवेत फेकली आणि रादिमकडे बोट नाचवत ओरडला, "सात पिंपं! आतून! ब्रशने!"

रेगीनाने माइक बंद केला आणि खिडकी उघडली. ओटाकारला बोलता येत नव्हतं. पण व्हर्बांच्या अंगणातून ट्रम्पेटचा पहिला सूर निघाला आणि मग दुसरा, आणि तो लग्नाच्या वरातीचा मार्च होता. श्वास कमी पडत होता, मधले सूर सुटत होते, तरी तो थांबेना. आलोईसचा कुत्रा त्याच्याबरोबर सूर लावून रडू लागला, आणि या खेपेला त्याला कुणीच गप्प केलं नाही.